हासळीचा चट्टा

खामगावला रजतनगरी म्हणतात. तेथे चांदीच्या दागिन्यांची आरेखने करणाऱ्या एक बाई गतवर्षी माझ्याकडे आल्या. गळ्याभोवती कंठीसारखा लाल, खाजरा चट्टा होता. गजकर्ण समजून मी मलम दिले. तीन आठवड्यांनी चट्टा होता तसाच! चूक माझीच होती. त्यांचा व्यवसाय मी विचारला होता, छंद नव्हे.

छंद मोठा विलक्षण. मेहकर-लोणारकडील तांड्यांवरची बंजारा घुगरी, टोपली, हासळी, आरसे आणि कवड्या जडविलेली कांचळी, असा वीस वर्षांचा संग्रह. मोडीत निघालेला दागिना मुशीत जाण्यापूर्वी त्या तो विकत घेतात. ‘‘डॉक्टरसाहेब, चांदी बाजारात रोज मिळते. वितळलेली घडण कुठून आणायची?’’ नव्या दागिन्याचे आरेखन करण्यापूर्वी जुना दागिना दोन-तीन तास स्वतः अंगावर बाळगायचा, भार मानेवर कसा उतरतो ते पाहायचे, ही त्यांची रीत. तेथेच रोगाचे मूळ सापडले.

ती हासळी चांदीची नव्हती, जर्मन सिल्व्हरची होती. नाव फसवे आहे. त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. घामाने निकेलचे कण सुटतात व त्वचेत शिरतात. काहींचे शरीर त्यांना शत्रू मानू लागते आणि एकदा ही ओळख पटली की ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही. खाज लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी सुटते; म्हणून दागिन्यावर संशयच जात नाही. कानातल्या स्वस्त डुलांनी चिघळणारी पाळी किंवा पँटच्या धातूच्या बटणाखाली बेंबीजवळ उठणारा चट्टा, हे याच कुळातले. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात.

बाईंना धातू ठाऊक होता. ‘‘मी घडण घेतली, धातू नव्हे,’’ त्या म्हणाल्या. मला पुण्याचे दिनकर केळकर आठवले. चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमविल्या. सात वर्षांचा मुलगा राजा गेला; त्याच्या नावाने उभे राहिलेले संग्रहालय त्यांनी शासनाच्या स्वाधीन केले. शोकावर औषध म्हणून मी कोणाला संग्रह लिहून देणार नाही. परंतु रात्र-रात्र जागणाऱ्या रुग्णांना ‘हाताला काही काम आहे का?’ एवढे मात्र आता आवर्जून विचारतो.

संग्रहाच्या खोलीत दुसरा धोका दिसला. जुन्या वस्त्रांत नॅप्थालिनच्या पांढऱ्या गोळ्या, आणि दारात खेळणारा चार वर्षांचा नातू. मुलांना त्या खडीसाखरेसारख्या वाटतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, अशा मुलांच्या तांबड्या पेशी त्यामुळे झपाट्याने फुटतात. लघवी काळपट होते, कावीळ दिसते. मूल गोळी चघळताना आढळले तर घरी ओकारी काढू नये, दूध पाजू नये. तडक रुग्णालय गाठावे. बाईंनी त्याच दिवशी गोळ्या काढल्या. आता वस्त्रांना अधूनमधून वारा देतात आणि सुती कापडात गुंडाळून ठेवतात.

हासळी घालू नका, असे मी सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘मग भार कसा कळायचा?’’ शेवटी तडजोड झाली: आधी जाड सुती ओढणी, वर हासळी, पंखा चालू आणि घड्याळाची दहा मिनिटे. परवा आल्या तेव्हा गळा स्वच्छ होता. पिशवीत मात्र आणखी एक हासळी होती.