‘यूज्ड टू’चा घोळ: सवय ‘आहे’ की ‘होती’?
‘रात्रपाळीची सवय आहे का?’ या प्रश्नाला मुलाखतीत ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ असे उत्तर दिले, तर अर्थ बदलतो. ‘पूर्वी रात्री काम करायचो’, म्हणजे आता करत नाही, असे ते वाक्य सांगते. सवय सांगायची तर ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ हवे; आधी ‘ॲम’, पुढे क्रियापदाला ‘इंग’. सध्या रोज करत असाल, तर ‘आय यूज टू वर्क’ चूकच; साधे ‘आय वर्क’ पुरते.

मराठीत ‘करायचो’, ‘सवय आहे’ आणि ‘करतो’ यांत कुणी गल्लत करत नाही. त्यामुळे नियम पाठ करून घेण्याऐवजी शाळांनी ही तीन रूपे फळ्यावर लिहून त्यांच्यासमोर इंग्रजी वाक्ये मांडावीत. फरक मुलांना ठाऊक आहेच. तो फक्त दाखवून द्यायला हवा.