मृत्यू थकला, मारणारे मोकळे

बाईच्या मरणाला 'नशीब' म्हणण्याची सवय फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या जर्मन मूकपटाचे इंग्रजी नावच मुळी 'डेस्टिनी', म्हणजे नियती, असे आहे. मूळ जर्मन नावाचा अर्थ 'थकलेला मृत्यू'. १९२१ साली आलेल्या या कृष्णधवल चित्रपटाचे दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. पटकथा त्यांनी आणि थेआ फॉन हारबाऊ या लेखिकेने मिळून लिहिली. मृत्यूवर मात करणाऱ्या प्रेमाची गोष्ट म्हणून त्याचे कौतुक होते. चित्रपट म्हणून तो त्या कौतुकाला पात्रही आहे. माझा आक्षेप आहे तो त्यातल्या प्रेमाच्या विजयावर.

गोष्ट थोडक्यात अशी. एका तरुणीच्या प्रियकराला मृत्यू घेऊन जातो. हा मृत्यू म्हणजे काळ्या झग्यातला, खोल गेलेल्या डोळ्यांचा, आपल्या कामाला विटलेला एक माणूस. बर्नहार्ड गोएट्झके या नटाने तो असा उभा केला आहे की भीतीपेक्षा त्याची कीवच अधिक येते. त्याच्या दालनात माणसांची आयुष्ये मेणबत्त्या होऊन जळत असतात. तरुणी तिथे पोचते आणि प्रियकराचा जीव परत मागते. विझत आलेल्या तीन मेणबत्त्या दाखवून तो म्हणतो, यातली एक जरी वाचवलीस तरी तुझा माणूस तुला परत देईन.

आपल्याला सावित्री आठवतेच. दादासाहेब फाळक्यांनीही १९१४ साली 'सत्यवान सावित्री' काढला होता. पण सावित्री यमाशी बोलून जिंकते आणि स्वतः जिवंत घरी येते. ही मुलगी तिन्ही डाव हरते.

हे तीन डाव नीट पाहायला हवेत. पहिल्या कथेत खलिफाच्या बहिणीने परधर्मीयावर प्रेम केले म्हणून खलिफा त्याला जिवंत पुरायला लावतो. दुसरी कथा व्हेनिसची. तिथे नको असलेला नियोजित वर तिचा बेत ओळखतो आणि असा डाव टाकतो, की तिच्याच माणसाकडून तिचा प्रियकर मारला जातो. तिसरीत चीनच्या सम्राटाला जादूगाराकडे काम करणारी मुलगी हवी असते. ती प्रियकराबरोबर पळते, आणि सम्राटाचा तिरंदाज त्याला टिपतो. एकीकडे भाऊ, दुसरीकडे होणारा नवरा, तिसरीकडे राजा. बाईने कोणावर प्रेम करायचे हे ठरवण्याचा हक्क आपलाच, असे मानणारे हे तिघे. प्रत्यक्ष जीव घेणारा मात्र दर वेळी मृत्यूच असतो, नोकराच्या वेषात. कधी माळी, कधी सेवक, कधी तिरंदाज. मग चित्रपट सांगतो, मेणबत्तीच संपत आली होती, त्याला कोण काय करणार?

मृत्यूला चेहरा दिला की मारणाऱ्याचा चेहरा पुसला जातो. आपल्या सल्ला केंद्रांवर हे आपण किती वेळा ऐकले आहे! 'तिची वेळ भरली होती.' 'स्टोव्हचा भडका उडाला.' 'पाय घसरून विहिरीत पडली.' कोणी ढकलले, कोणी छळले, हा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी लावून धरला, तेव्हा कुठे १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४ ब आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम ८० आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याच्या सुमारास हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे पुढे आले, तर नवऱ्याला आणि सासरच्यांना जाब द्यावा लागतो. मेणबत्तीकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

चित्रपटाचा शेवट तर मला अधिकच खटकतो. मृत्यू एक अखेरची संधी देतो. तासाभरात कोणी स्वतःचे उरलेले आयुष्य दिले, तर प्रियकर परत मिळेल. ती म्हाताऱ्या औषधविक्याला विचारते, भिकाऱ्याला विचारते, अनाथ वृद्धांच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना विचारते. सगळे नकार देतात. मग आश्रमाला आग लागते, आत एक तान्हे मूल राहते. ती आत धावते. मूल मृत्यूच्या हाती दिले तर काम होणार असते. पण ती ते देत नाही. खिडकीतून त्याला आईकडे सोडते आणि स्वतः मरते. प्रेमाचा विजय तो हा!

मूल न देण्याचा तिचा निर्णय मोठाच आहे. साऱ्या चित्रपटात तेवढी एकच गोष्ट ती प्रियकरासाठी करत नाही. पण ज्या म्हाताऱ्यांना चित्रपट स्वार्थी ठरवतो, त्यांच्या बाजूने मी उभी आहे. दुसऱ्याच्या भाकरीवर जगणाऱ्या, कोणाला नकोशा झालेल्या त्या बायकांनाही आपला जीव आपला वाटतो. यात हसण्यासारखे काय आहे? स्वतःचा जीव कवडीमोल मानेल तीच खरी प्रेमिका, ही शिकवण मला मान्य नाही.

लिहिणाऱ्यांत एक बाई होती, म्हणूनच याचा विचार करावासा वाटतो. थेआने १९३१ साली जर्मनीतल्या गर्भपातबंदीच्या कलम २१८ विरुद्ध जाहीर भूमिका घेतली. लांगपासून वेगळी झाल्यावर तिने बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या अयी तेंडुलकरांशी लग्न केले. आणि तीच पुढे नाझी पक्षाची सदस्यही झाली. बाईच्या लेखणीतून उतरलेले सारे बाईच्या बाजूचे असतेच असे नाही.

मैत्रिणींनो, हा चित्रपट गटात जरूर दाखवा. मूकपट असल्यामुळे भाषेची फारशी अडचण नाही, पाट्या एकीने वाचून सांगितल्या की पुरे. नंतर दोनच प्रश्न विचारा. या तिघांना कोणी मारले? आणि शेवटी तिनेच का मरायचे?