गिटार हाती आली, आता नजर वर उचला

एप्रिल जवळ आला की बदलापूर गावापासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत आमच्या वस्त्यांमध्ये तालमींना जोर चढतो. पूर्वी या तालमींत पेटी, ढोलकी आणि टाळ्या असत. अलीकडे त्यांत गिटार आली आहे. पोरे मोबाईलवर बघून शिकतात, लोकलने कामावर जाऊन रात्री परत आल्यावर विहाराच्या ओट्यावर बसून सराव करतात आणि वर्षभरात जयंतीच्या मंचावर उभी राहतात. हे सारे आनंदाचे आहे. पण मंचावर उभे राहिल्यावर होते काय? मान खाली, डोळे तारांवर, पाय एका जागी खिळलेले. माईक एकीकडे, तोंड दुसरीकडे. गाणे संपते तेव्हा टाळ्या वाजतात त्या कौतुकाच्या कमी आणि सुटकेच्या जास्त. मागच्या रांगांत आयाबाया पोरे सांभाळत आपापसांत बोलत असतात. वाजवणाऱ्याला वाटते, लोकांना गिटार कळत नाही. आम्हाला हे मान्य नाही. लोकांना सगळे कळते. समोरच्या माणसाला आपल्याशी बोलायचेच नाही, हेही त्यांना कळते.

आधी एका आक्षेपाचा निकाल लावू. आमच्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात की गिटार हे परक्यांचे वाद्य, भीमगीतात त्याचे काय काम? या मंडळींना पेटी मात्र आपली वाटते. ही पेटी, म्हणजे हार्मोनियम, १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आली. ती परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिच्यावर बंदी घातली होती. त्या काळात आमच्या शाहिरांची पेटी वस्त्यावस्त्यांत वाजतच होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गावगाड्यात कोणी कोणते वाद्य वाजवायचे हे जातीने ठरवले होते. दवंडी पिटणे, वरातीपुढे हलगी वाजवणे ही कामे आमच्या माथी मारलेली होती, आणि वाजवणारा मांडवाच्या बाहेर उभा असे. महारकीची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. ज्यांच्या आजोबाला वाद्य निवडण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या नातवाने स्वतःच्या पगारातून गिटार विकत घेतली असेल, तर त्याला संस्कृतीचे धडे देण्याआधी आपण दहा वेळा विचार करावा. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज' या बँडने बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा विचार गिटार-ड्रमवर आणला, तेव्हा समाजाने तो आपला म्हणून ऐकलाच की!

तेव्हा वाद्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती मंचावरच्या वावराविषयी. हा वावर यूट्यूबवरच्या परदेशी बँडकडे बघून येतो, केस झटकले, उड्या मारल्या की आला, असे आमच्या पोरांना वाटते. वास्तविक त्याची शाळा आपल्या घरातच होती. भीमराव कर्डकांचे जलसे १९३० च्या दशकात गावोगाव फिरत होते. त्यांच्या एका जलशाला बाबासाहेब आपल्या कितीतरी सभांच्या बरोबरीचे मानत, असे चळवळीत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. ते उगीच नव्हे. जलशात गाणे होते, पण नुसते गाणे नव्हते. मध्येच बतावणी, सवाल-जवाब, एखादा टोला, मागे झील धरणारे साथीदार. दोन गाण्यांच्या मधली जागा रिकामी म्हणून राहतच नसे. लाऊडस्पीकर नाही, वीज नाही, समोर दिवसभर राबून आलेले, बहुतेक निरक्षर लोक. त्यांना रात्र रात्र जागे ठेवायचे तर गायकाला लोकांच्या डोळ्यांत बघूनच गावे लागे.

आमच्या तरुणांचे नेमके इथेच चुकते. ते गाणे बसवतात, दोन गाण्यांमधली जागा बसवत नाहीत. एप्रिलच्या उकाड्यात गिटारचा सूर उतरतो, मग मंचावरच तारा पिळणे सुरू होते. एक मिनिट, दोन मिनिटे नुसते टण् टण्. तेवढ्यात जमाव निसटतो आणि मग पुढचे गाणे कितीही चांगले असले तरी तो परत येत नाही. यावर उपाय साधा आहे. सूर लावताना एकाने बोलावे, ढोलकीवाल्याने हलका ठेका धरून ठेवावा आणि ते बोलणे आधी तालमीत बसवलेले असावे. गाणे कोणावर आहे, कोणत्या प्रसंगाचे आहे, हे चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. संभाजी भगतांना ज्यांनी ऐकले आहे त्यांना माहीत आहे की ते गाणे मध्येच थांबवतात, डफ हातात धरून समोरच्यांना प्रश्न विचारतात, हसवतात आणि हसता हसता टोचतात. मग तीच ओळ पुन्हा उचलली की ती आता लोकांची झालेली असते.

आम्ही वकिली करतो. कोर्टात कागदात डोके घालून वाचत सुटणारा वकील आम्ही रोज पाहतो. त्याचा मुद्दा बरोबर असतो, निवाडे बरोबर असतात, पण न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावर शंका उमटली ती त्याला दिसतच नाही. गिटारवाल्याचेही तेच. डाव्या हाताची बोटे कुठे पडतात हे पाहण्यासाठी मान खाली जाते, कारण हात अजून तयार झालेला नाही. जे गाणे अंधारात, तारांकडे न बघता वाजवता येत नाही, ते मंचावर घेऊ नये. अवघड दहा गाण्यांपेक्षा सोपी तीन गाणी बरी. आणखी एक. आपल्या गायकांची पट्टी बहुधा काळी चार किंवा काळी पाच. गिटार शिकणाऱ्याला सोपे कॉर्ड येतात ते जी, सी, डी. मग मंचावर ऐनवेळी गायकाला पट्टी खाली आणायला लावतात आणि बिचाऱ्याचा आवाज बसल्यासारखा वाटतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीचाच आकार धरला की काळी चार मिळते, तिसऱ्यावर लावला की काळी पाच. गायक मोकळा आणि वाजवणाऱ्याची मानही मोकळी. शिवाय ढोलकी भरात आली की गिटारने गप्प बसायला शिकावे. सतत खरडत राहणे म्हणजे वाजवणे नव्हे. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला की हात तारांवरून काढून त्या टाळ्या ऐकाव्यात. लोकांना आपणही वाजवतो आहोत असे वाटणे, यासारखी दुसरी साथ नाही.

वाद्य मोठे म्हणून मंच मोठा होतो, हाही एक भ्रम आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात. तार एक, सोबतीला खडा आवाज. घराघरातल्या मोबाईलवर त्यांचे गाणे पोहोचले ते काय रोषणाईमुळे? लोकशाहीर विठ्ठल उमप 'जांभूळ आख्यान' करीत तेव्हा हा पिकलेला माणूस बघता बघता द्रौपदी होई आणि प्रेक्षकांना ते खरे वाटे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच ते कोसळले आणि गेले. अखेरच्या क्षणापर्यंत हा माणूस लोकांकडे तोंड करून उभा होता.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांशी आपले नाते जुने आहे, १९७२ साली आमच्या तरुणांनी 'पँथर' हे नाव तिथूनच उचलले. म्हणून तिथलेही एक उदाहरण देतो. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी स्त्री चर्चमध्ये गाता गाता इलेक्ट्रिक गिटारवर आली आणि पुढच्या रॉक संगीताची ती आई ठरली. ७ मे १९६४ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टेलिव्हिजनसाठी कार्यक्रम होता. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर कलाकार, मध्ये रूळ. त्यात पाऊस आला. बाईंनी सुरुवातीचे गाणे बदलून पावसाचे गाणे घेतले आणि गिटार गळ्यात अडकवून, अंगात कोट, फलाटावर चालत चालत त्या समोरच्यांशी बोलल्यासारख्या गायल्या. भिजलेल्या प्रेक्षकांना त्या क्षणी आणखी काय हवे होते? फलाटावर गर्दीत उभे राहण्याचा अनुभव बदलापूरकरांना तरी सांगायला नको. मुलींच्या गळ्यात गिटार दिसली की कौतुकाने फोटो काढायचा आणि कार्यक्रमात मात्र तिला स्वागतगीतापुरते उभे करायचे, ही आमच्या समित्यांची रीत आहे. त्यांनी रोझेटाबाईंची ती चित्रफीत एकदा विहारात सर्वांना दाखवावी.

चेन्नईत ६ जानेवारी २०१८ रोजी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी गाना गाणारे वस्तीतले गायक, परई वाजवणारे आणि गिटार-ड्रमवाले एकत्र आणले. अंगावर सर्वांच्या सूट. आमच्या लोकांना सुटाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मंचावर यायच्या आधीच त्यांनी अर्धे बोलून टाकले होते. आमची पोरे फाटकी जीन्स आणि काळा चष्मा घालून येतात तेव्हा तेही काहीतरी बोलतच असतात, फक्त ते कोणाचे बोलणे आहे हे त्यांनी एकदा आरशासमोर स्वतःला विचारावे.

बदलापूरच्या मंचाला तर इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. तिथे आमच्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. महाडचे घाव ताजे असताना, सवर्णांनीही भरवलेल्या उत्सवाच्या मंचावरून बोलायचे होते. आपलेच लोक समोर असले की टाळी आपसूक मिळते. जो आपला नाही त्यालाही बसवून ऐकवणे, हे मंचाचे खरे काम.

आता दोन शब्द समित्यांना, कारण सगळा दोष पोरांचा नाही. जयंतीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत सोफे असतात आणि त्यांवर पाहुणे. पोरे गातात ती सोफ्याकडे बघून, कारण पुढची सुपारी आणि पुढचा हार तिथूनच मिळणार असतो. लोक बसलेले असतात सोफ्यांच्या मागे, सतरंजीवर. सोफे बाजूला हलवले आणि सतरंजी मंचाला भिडवली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. दुसरा प्रश्न वेळेचा. सात वाजताचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ (आमच्या मंचावर श्रीफळ अजून का, हा वेगळ्या लेखाचा विषय), वीस सत्कार, सहा भाषणे. पावणेदहाला मुलांना बोलावतात आणि सांगतात, एकच म्हणा, पोलीस येतील. घाईघाईत, सूर न लावता, आवाज न तपासता, उठून निघालेल्या लोकांसमोर ते एक गाणे होते. अशाने कोणाचा वावर तयार होणार? आणि ज्या डीजेच्या भिंतीसाठी वर्गणीतला सर्वात मोठा आकडा जातो, तिला ना डोळे असतात ना समोरच्याचे भान.

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो, कारण दहाची भीती दाखवून मुलांना मंचावरून उतरवले जाते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. मात्र सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि हे दिवस आधी जाहीर होतात. समितीने ती यादी मागवून पाहावी. लाऊडस्पीकरला परवानगी लेखी लागते, तोंडी नव्हे. सूट मिळाली तरी आवाजाची मर्यादा राहते, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. एक गिटार, एक ढोलकी, एक पेटी आणि दोन माईक बेताने लावले तर त्या मर्यादेचा मान राखणे शक्य आहे. डीजेच्या भिंतीला ते कदापि शक्य नाही. अर्ज वेळेत करा, परवानगीची प्रत मंचाच्या मागे ठेवा, आणि पोरांची वेळ पत्रिकेवरच छापा: साडेसात ते सव्वाआठ, सत्कारांच्या आधी. पाहुणे उशिरा येतातच, तोवर सतरंजी भरलेली असेल.