मनोऱ्यातील माणूस आणि तिजोरीचे कुलूप

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकी सरकारचे कामकाज निधीअभावी ठप्प होते. हवाई वाहतूक नियंत्रकांची सेवा अत्यावश्यक; त्यामुळे त्यांना बिनपगारी राबावे लागले. ताण इतका वाढला की ४० विमानतळांवरील उड्डाणे सक्तीने कमी करावी लागली.

‘नॅशनल एअर ट्रॅफिक कंट्रोलर्स असोसिएशन’ ही नियंत्रकांची संघटना अनेक वर्षे सांगत आली आहे की, या सेवेचा निधी स्थिर व निश्चित हवा. ही मागणी पगारवाढीची नव्हे, म्हणूनच मला ती अधिक वजनदार वाटते. प्रवाशांकडून घेतलेल्या करांतून भरणारा स्वतंत्र निधी तेथे १९७० पासून आहे. पण तो खर्चण्यास दरवर्षी अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लागते. पैसा प्रवाशाचा, जोखीम नियंत्रकाची आणि किल्ली मात्र भांडणाऱ्या पक्षांच्या हाती! २०१८-१९च्या ३५ दिवसांच्या कोंडीत नियंत्रकांचे प्रशिक्षणही थांबले होते. थकलेला पगार मागाहून देता येतो. प्रशिक्षणाचा वाया गेलेला काळ परत मिळत नाही.

भारतात विमानतळ प्राधिकरण विमान कंपन्यांकडून दिशादर्शन शुल्क घेते. त्यामुळे आपली सेवा अशा कोंडीपासून बचावते. तरीही निश्चिंत राहण्याचे कारण नाही. त्याच नोव्हेंबरात दिल्लीतील संदेशयंत्रणा बिघडून शेकडो विमाने रखडली. तेव्हा उत्पन्न हाती असणे पुरेसे नाही. ते यंत्रांच्या नूतनीकरणावर व नियंत्रकांच्या भरतीवर वेळीच खर्च होते काय, हा प्रश्न आपल्या संसदेने विचारला पाहिजे.