गोदावरीत मालाच्या नावा का नव्हत्या?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. कोपरगाव, पुणतांबे, प्रवरासंगम ही गावे तिच्या काठची. या गावांत माणसांना पैलतीरी नेणाऱ्या होड्या होत्या; पण धान्याची पोती भरून नदीच्या लांबीने प्रवास करणाऱ्या मोठ्या नावा मात्र नव्हत्या. असे का, हा प्रश्न वर्गात विचारला की ठरलेले उत्तर मिळते: दख्खनच्या नद्या पावसाळी, खडकाळ पात्राच्या, म्हणून जलवाहतुकीस निरुपयोगी. हे उत्तर चूक नाही. पण माझ्या मते ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे अधिक मनोरंजक आहे.

पोर्तुगालमधील दोरू नदीचे उदाहरण घेऊ. ती आपल्या गोदावरीसारखी उन्हाळ्यात कोरडी पडत नाही हे खरे. तरी धरणे होण्यापूर्वी तीही उन्हाळ्यात उथळ आणि हिवाळ्यात पुराने बेफाम होई. पात्रात जागोजागी खडक. व्हालेइरा येथील खडक तर इतके अवघड की 1780 नंतर दहा-बारा वर्षे खपून ते फोडावे लागले. तरीही 1861 साली याच ठिकाणी नाव उलटून जोसेफ फॉरेस्टर बुडाला, आणि नदीचा तपशीलवार नकाशा काढणारा माणूस तोच होता! अशा नदीतून शतकानुशतके 'राबेलो' नावाच्या लाकडी नावा द्राक्षमद्याची पिंपे पोर्तो शहराकडे नेत असत. (आपला 'पिंप' हा शब्दही पोर्तुगीज 'पिपा'वरूनच आला आहे.)

राबेलोची रचना पाहा. तळ सपाट, खाली कणा नाही, फळ्या एकमेकींवर चढवून बसविलेल्या. मागे सुकाणूऐवजी एक लांबलचक वल्हे, आणि ते फिरविणारा नावाडी उंच माचावर उभा, म्हणजे पिंपांच्या राशीवरून त्याला पुढचे खडक दिसावेत. सपाट तळाचा फायदा साध्या हिशेबाने कळतो. एका पिंपात सुमारे 550 लिटर द्रव मावतो. 50 पिंपांचे वजन झाले साडेसत्तावीस टन. पाण्याला टेकणारा तळ 60 चौरस मीटरचा धरला, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार एवढ्या ओझ्याने नाव रिकामी असतानापेक्षा फक्त 46 सेंटिमीटर अधिक बुडेल. हाच माल पाठीवर शंभर किलो वाहणाऱ्या बैलांवर लादायचा, तर पावणेतीनशे बैल हवेत.

परंतु खरी गोष्ट परतीची आहे. प्रवाहाबरोबर खाली कोणीही जाईल. रिकामी नाव वर कशी आणायची? दोरू पश्चिमेस अटलांटिक महासागराला मिळते. समुद्रावरून येणारा वारा दरीतून वर वाहतो, तो राबेलोच्या चौकोनी शिडात भरे. वारा पडला की काठावरून बैल किंवा माणसे दोराने नाव ओढत. गोव्यात मांडवी-जुवारीच्या पडावांना हेच काम भरती-ओहोटी करून देई: भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर.

आता गोदावरीकडे या. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. पाणी भरपूर असते ते पावसाळ्यात, आणि तेव्हा वारा असतो पश्चिमेचा. म्हणजे प्रवाह आणि वारा दोन्ही एकाच दिशेला! खाली गेलेली नाव वर येणार कशी? शिवाय आपला माल जायचा कोठे? पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांकडे. शेवगाव तालुक्याच्या पलीकडचे पैठण अगदी गोदाकाठी, तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो की पैठणचे रंगीत मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला जात. नदीच चुकीच्या दिशेला वाहत असेल, तर नदीकाठी राहूनही गाडीच जुंपावी लागते. घाटावरच्या लोकांना नावा बांधण्याची अक्कल नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा.

एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन यांच्या आग्रहाने खालच्या गोदावरीवर प्रयत्न झालाच. वर्धा खोऱ्यातला कापूस पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, त्यासाठी खडकांचे तीन मोठे अडथळे टाळून मार्ग काढायचा, अशी योजना होती. कामे सुरू असतानाच 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. 1871 मध्ये कामे थांबविली गेली. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये आपल्या जिल्ह्यातून गेली. दोरूच्या काठानेही 1887 पर्यंत रेल्वे स्पेनच्या सीमेपर्यंत गेली. पुढे रस्ते आणि धरणे झाली आणि राबेलोचे काम संपले.

आज हा विषय जुना राहिलेला नाही. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले आहेत. त्यांच्याविषयी वाचताना 'पाणी किती खोल?' एवढेच विचारून थांबू नये. माल कोणता, तो कोणीकडे जायचा, आणि नाव परत काय घेऊन येणार, हेही विचारावे.

नेवासे-शेवगावच्या विद्यार्थ्यांना तर प्रयोगालाही जागा आहे. 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर त्यांच्या तालुक्यांना लागून आहे, आणि त्यात मासेमारीच्या होड्या आहेत. शिक्षकांना बरोबर घेऊन काठाला बांधलेली एक होडी मापा: लांबी, रुंदी, तळाचा आकार. रिकामी असताना पाणी कोठवर येते तेथे खडूने खूण करा. मग एक माणूस बसवून दुसरी खूण करा. दोन खुणांतले अंतर आणि तळाचे क्षेत्रफळ यांवरून त्या माणसाचे वजन काढता येते का, ते पाहा.