‘उदक’ की ‘सलिल’?

रविवार पुरवणीतले शब्दकोडे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे साहित्याचे प्राध्यापक म्हणतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. ‘पाणी (३)’ हे शोधसूत्र वाचून ‘उदक’ लिहावे की ‘सलिल’, हे उभा शब्द ठरवतो. वाचकाने ठरवायचे काही उरतच नाही. मग चर्चा कसली करणार?

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात १९२६ पासून ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी शोधसूत्रालाच फसवे वाक्य केले. वरचा अर्थ एक, आतली रचना दुसरी. ते सोडवणे म्हणजे वाचणेच होय. मराठीला हे परके का वाटावे? श्लेष तर आपण परीक्षेसाठी पाठ करतो! शिवाय आपल्या चौकटीत सुटा वर्ण नव्हे, मात्रेसह अक्षर बसते. म्हणूनच ‘नवजीवन’ उलटसुलट सारखे वाचता येते आणि वाल्याच्या ‘मरा’मधून ‘राम’ निघतो. ‘देव उलटला, तर मरणाची आज्ञा (२)’ एवढ्यावर वर्गात तास रंगेल: ‘मर’ का नाही, ‘मरा’ का? हा आदरार्थ की अनेकवचन? आणि वाल्याची कथा ठाऊक नसणाऱ्याने काय करावे?

अवघड कोड्याने वाचक दुरावेल, ही सबब आम्हांस मान्य नाही. संपादकांनी उत्तरांसोबत शोधसूत्रांची फोडही छापावी. हरकतीची पत्रे आम्ही लिहू.