घरचं भांडण, तिसऱ्याचा फायदा

मैत्रिणींनो, करंजा बंदरावर आपण मासळी घ्यायला जातो. पण आपलं हे उरण-करंजाचं बेट इंग्रजांकडे कसं गेलं, ठाऊक आहे?

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीसाठी काका रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले. त्यांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईची फौज पनवेलवरून घाट चढून जानेवारी १७७९ मध्ये तळेगावला पोहोचली. महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला कोंडलं, दाणावैरण तोडली. अवजड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले आणि वडगावला शरण आले. मोहीम पुरती फसली.

म्हणून तिसरा घरातून गेला का? छे! युद्ध चालूच राहिलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा इंग्रजांकडेच राहिलं. रघुनाथरावांना नुसता तनखा मिळाला. भांडण पुण्याच्या वाड्यातलं, किंमत मोजली आपल्या बेटाने.

आज जमिनीच्या मोबदल्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही. मध्ये एजंट शिरतो आणि बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो. बायांनो, सही करण्याआधी सगळ्यांना एकदा ओटीवर बसवा. चहा आपण ठेवू, पण हिशेब आपल्यासमोरच होऊ दे.